एकोणीस इंची वैभव

मोटार चालवणाऱ्याला आपल्या गाडीचा बराचसा भाग दिसत असतो. समोर बॉनेट दिसतं, आरशात दारं दिसतात, मागची काच दिसते आणि त्या धुळकट काचेवर कुणी बोटाने ‘धुवा’ असं लिहिलं असेल तर तेही सुलटं दिसतं. दिसत नाहीत ती फक्त चाकं. रस्त्यावरच्या लोकांचं बरोब्बर उलट आहे. त्यांना चाकं दिसतात, पण त्या चाकांनी खाल्लेला खड्डा त्यांच्या मणक्याला कळत नाही. तो मालकाच्या मणक्याला कळतो. बघण्याचा आनंद बघ्यांकडे आणि बसणारा हादरा मालकाकडे, अशी ही वाटणी आहे. मोटारींना मोठी चाकं बसवून देण्याचा जगभरचा धंदा याच वाटणीवर उभा आहे आणि तो तेजीत आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने जर्मन बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतली. कागदोपत्री ती चार माणसांची आहे. मागची दोन आसनं आरटीओच्या दृष्टीने आसनं आहेत. प्रत्यक्षात तिथे लॅपटॉपची बॅग बसते, तीही जरा आडवी करून. पुढे बसायचं तर आधी खाली जायचं, मग आत सरकायचं आणि शेवटी राहिलेले पाय गोळा करायचे. त्याच्या आईने हा प्रकार एकदा केला आणि तेव्हापासून त्या रिक्षाने जातात. पण गाडी देखणी होती यात वाद नाही. कंपनीने तिला १७ इंची अलॉय दिली होती आणि त्यांच्यावर ती बिनबोभाट पळत होती.

मग एका रविवारी हा मुलगा पार्किंगमध्ये गाडीच्या बाजूला उकिडवा बसलेला दिसला. टायरचा माथा आणि मडगार्डची कमान यांच्यामधल्या फटीत त्याने हात घातला होता. मला वाटलं, किल्ली पडली असेल.

“काका, चार बोटं जातात,” तो खिन्नपणे म्हणाला.

“मग?”

“चार जाणं बरं नाही. दोनच गेली पाहिजेत.”

मी म्हटलं, “अरे, चाकाला वरखाली व्हायला जागा लागते, म्हणून कंपनीने ती ठेवलेली असते.”

“ते माहितीये हो. पण गाडी भरलेली दिसत नाही.”

गाडी भरलेली न दिसणं हे दुखणं फक्त स्पोर्ट्स कारला होतं. एसटीला ते कधी झाल्याचं ऐकिवात नाही. एकदा ते जडलं की मालकाला रस्त्यावर दुसरं काही दिसत नाही. सिग्नलला शेजारी गाडी येऊन उभी राहिली, तर हा आत कोण बसलंय ते बघत नाही. मान वाकवून रिम बघतो. लग्नाला गेला तरी मांडवात शिरायच्या आधी पार्किंगमधून एक फेरी मारतो. मोबाइलमध्ये आईवडिलांचे जितके फोटो असतील त्याहून जास्त फोटो परक्यांच्या चाकांचे असतात. आणि मग कधीतरी तो टायरवाल्याच्या दुकानात जातो. नुसतं बघायला.

नुसतं बघायला आलेलं गिऱ्हाईक टायरवाला लांबूनच ओळखतो. तो काही विकायचा प्रयत्न करत नाही. चहा मागवतो, प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि पुढच्या चाकापाशी थांबून नुसता ‘च्च’ करतो. या एका ‘च्च’ने आजवर किती कुटुंबांच्या मुदतठेवी मोडल्या असतील याचा हिशेब बँकांकडेच असेल.

“साहेब, सतराला आता कोण विचारत नाही. अठरा जरा बरं दिसतं. पण ह्या गाडीला एकोणीसच शोभंल.”

इथून पुढे आकड्यांची भाषा सुरू होते. पीसीडी म्हणजे चाकाच्या बोल्टांच्या भोकांवरून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तो जुळला नाही तर चाक बसतच नाही. ऑफसेट म्हणजे चाक कमानीच्या आत किती आणि बाहेर किती. तो चुकला तर चाक बसतं, पण स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासून आवाज करतो. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर एक कडं घालावं लागतं, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागतं. शिवाय रिम ओतीव आहे की घडीव, हे बघायचं असतं. घडीव रिम हलकं, मजबूत आणि महाग. ओतीव रिम वजनदार आणि परवडणारं. आणि नामांकित रिमची हुबेहूब नक्कल सगळ्यांत स्वस्त. तिची ताकद किती, हे पहिल्या मोठ्या खड्ड्याला कळतं.

टायरच्या अंगावर तर अख्खा मजकूरच असतो. २४५/३५ आर १९ ९३ वाय. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. ‘आर’ म्हणजे रेडियल. त्यापुढचा १९ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. म्हणजे एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात. मिशेलिन कंपनीने १९७५ च्या सुमारास रिमही मिलिमीटरमध्ये मोजायचा नेटका प्रयत्न केला होता. टीआरएक्स नावाचे ते टायर ३९० मिलिमीटरसारख्या मापांत यायचे. जगाने तो सुटसुटीतपणा नाकारला, आणि त्या काळातल्या ज्या गाड्यांना ती रिमं आहेत त्यांचे मालक आजही टायर शोधत फिरतात.

उरलेल्या दोन गोष्टींपैकी ९३ म्हणजे एका टायरने ६५० किलो वजन पेलावं, आणि ‘वाय’ म्हणजे टायर ताशी ३०० किलोमीटरपर्यंत टिकावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला १०० ची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यांत वेगवान रस्त्यावर कायदा पाळून धावलं तरी त्या अक्षराचा दोन पंचमांशच उपयोग होतो. बाकीचे तीन पंचमांश पार्किंगमध्ये वाचून दाखवायला असतात.

सौदा ठरला. किती रुपयांना ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या आईलाही निम्माच आकडा सांगितलेला आहे. एवढंच म्हणतो की तेवढ्या पैशांत एक बरी सेकंडहँड गाडी आली असती, चाकं धरून.

आता जरा शाळेतलं गणित करू. जुना टायर होता २४५/४५ आर १७. सतरा इंचांचे झाले ४३१.८ मिलिमीटर. साइडवॉल २४५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ११० मिलिमीटर. ती वर एक आणि खाली एक. चाकाची एकूण उंची ६५२.३ मिलिमीटर. नवा टायर २४५/३५ आर १९. एकोणीस इंचांचे ४८२.६, साइडवॉल जेमतेम ८६ मिलिमीटर, तीही दोनदा. एकूण ६५४.१.

फरक १.८ मिलिमीटर.

लाखांच्या घरात खर्च करून बसवलेलं ‘मोठं’ चाक जुन्यापेक्षा पावणेदोन मिलिमीटरने मोठं आहे. वरच्या फटीच्या वाट्याला त्यातलं निम्मं आलं, म्हणजे ०.९ मिलिमीटर. चार बोटं आधी जात होती, चार बोटं आताही जातात. वाढला तो मधला धातू, आणि तो जेवढा वाढला जवळपास तेवढंच रबर कमी झालं. हे दुकानदाराने फसवून केलेलं नसतं, मुद्दाम जपून केलेलं असतं. एकूण उंची बदलली तर गाडीचे सगळे हिशेब बिघडतात. चाक तीन टक्क्यांनी उंच झालं की स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०३ ने पळत असते, मीटरवरचे किलोमीटर कमी पडतात, आणि गिअर जड झाल्यासारखे होऊन गाडी सुटायला आळस करते. म्हणून धातू वाढवायचा आणि रबर छाटायचं, असा या धंद्याचा शहाणा नियम आहे. मोठी चाकं घेतल्यावर चाक मोठं होता कामा नये.

नवी चाकं बसवून गाडी फाटकातून आत आली तेव्हा स्वागताला वॉचमन होता. तो धावत गेला आणि काच ठोठावून म्हणाला, “साहेब, चारही टायरमध्ये हवा कमी दिसतेय.” मुलाच्या वडिलांनी वरून गॅलरीतून पाहिलं आणि विचारलं, “रबर अजून यायचंय का?”

या छाटलेल्या रबराचं काम काय होतं, ते हळूहळू कळत जातं. गाडीची पहिली स्प्रिंग पोलादाची नसते. ती हवेची असते आणि टायरच्या साइडवॉलमध्ये असते. खड्डा आला की आधी रबर दबतं, मग स्प्रिंग दबते, मग उरलासुरला धक्का सीटपर्यंत येतो. ११० मिलिमीटरची ८६ केली की पहिल्या रांगेतलं सैन्यच कमी झालं. त्यात एकोणीस इंची रिम वजनाला जास्त आणि ते वजन मध्यापासून लांब कडेला. असं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. कागदावर गाडी तीच, इंजिन तेच. सिग्नल सुटल्यावर मात्र ती पूर्वीपेक्षा किंचित विचार करून निघते. शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांना ते कळतं. मालकाला कळत नाही, कारण तो दुकानाच्या काचेत आपली चाकं बघत असतो. तेवढीच त्याची दर्शनाची सोय.

इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने गतिरोधकाचं माप ठरवून दिलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, माथा गोलसर. असा गतिरोधक ताशी पंचविसाच्या वेगाने कुणाला न दुखवता ओलांडता येतो. आमच्या भागातले गतिरोधक बांधणाऱ्यांनी या शिफारशीतला गतिरोधक हा शब्द घेतला आणि बाकीचं सोडून दिलं. रुंदीत काटकसर केली आणि वाचलेला माल उंचीत घातला. त्यांच्यावरून जाताना १७ इंची चाकांची गाडी ‘धप्प’ म्हणायची. १९ इंची चाकांची ‘खट्ट’ म्हणते. धप्प हा रबराचा आवाज आहे. खट्ट धातूचा आहे, आणि त्यानंतर मालकाच्या तोंडून जो निघतो तो छापता येत नाही.

तेव्हापासून त्या मुलाचं भूगोलाचं ज्ञान थक्क करणारं झालं आहे. कुठल्या चौकात ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा दोन बोटं खाली आहे, कुठल्या पुलाच्या सांध्याला पट्टी निघालेली आहे, केबलसाठी खणलेला चर कुठे बुजवला आणि कुठे नुसता बुजवल्यासारखा केला, हे त्याला तोंडपाठ आहे. पालिकेने त्याला खड्ड्यांच्या गणतीला घेतलं तर एक अख्खं खातं मोकळं होईल. पावसाळ्यात मात्र हे ज्ञान निरुपयोगी ठरतं, कारण पाण्याखालचा खड्डा आणि पाण्याखालचा रस्ता वरून एकसारखेच दिसतात. अशाच एका डबक्यात पुढचा डावा टायर गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या साइडवॉलला सुपारीएवढा फोड आला. म्हणजे आतले धागे तुटले आणि हवा पापुद्र्यात शिरली. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. रिमलाही आऊट आला. बेंड काढणाऱ्याने ते तापवून, दाबून गोल करून दिलं आणि वर सांगितलं, “साहेब, आता जपून. एकदा वाकलेलं पुन्हा वाकतंच.” या वाक्यात सगळं धातुशास्त्र आलं.

फटीचा प्रश्न होताच. चार बोटं चारच राहिली म्हटल्यावर गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा आल्या. फट दोन बोटांवर आली आणि मालकाच्या चेहऱ्यावर दोन दिवस समाधान होतं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकातल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासलं. आता तो उंचवटा तिरका चढतो, आधी डावं चाक, मग उजवं. मागे चार स्कूटर आणि शाळेची एक व्हॅन हॉर्न वाजवत थांबलेली असते. जगातल्या सगळ्यांत चपळ गाड्यांपैकी एक गाडी आमच्या फाटकातून आत यायला दूधवाल्याच्या सायकलपेक्षा जास्त वेळ घेते.

चाक मोठं म्हणजे गाडी वेगवान, हा समज आला कुठून हेही बघण्यासारखं आहे. शंभर वर्षांपूर्वी चाकं मोठी असत ती रस्ते वाईट म्हणून. फोर्डच्या मॉडेल टीला ३० इंच उंचीचे टायर होते, म्हणजे आमच्या या एकोणीस इंची स्पोर्ट्स कारपेक्षा चांगले चार इंच उंच. पण त्यांचा आणि शानशौकीचा संबंध नव्हता. चिखलातून आणि चाकोऱ्यांतून बाहेर पडायचं होतं. रस्ते सुधारत गेले तशी चाकं लहान होत गेली. १९५९ साली ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांची मिनी आली ती १० इंची चाकांवर. आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकचं चाकही १० इंचीच. निम्म्या पुण्याने नवराबायको, दोन मुलं, गॅसचं सिलिंडर आणि गणपतीची मूर्ती ज्या मापाच्या चाकांवर वाहून नेली, त्याच मापाच्या चाकांवर मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही तीच पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केलं. चाकांबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती.

ज्यांचा धंदाच वेग आहे त्या फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर पळत. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला तो १३ इंची रिमवरच. आपल्या मारुती ऑल्टो के-टेनचं रिमही १३ इंची आहे. वेग रिमच्या व्यासात असता तर ऑल्टोवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं असतं. २०२२ पासून फॉर्म्युला वनने १८ इंची चाकं घेतली. त्यामागचं एक मोठं कारण, शर्यतीचे टायर रस्त्यावरच्या गाड्यांच्या टायरांच्या जवळ यावेत, हे होतं. म्हणजे आधी रस्त्यावरच्या गाड्यांनी शर्यतीच्या गाड्यांसारखं दिसायचा हट्ट केला आणि शेवटी शर्यतीच्या गाड्यांना रस्त्यावरच्यांसारखं व्हावं लागलं.

हौसेने वेगाला खाल्ल्याचं नामांकित उदाहरण इटलीतलं आहे. लॅम्बोर्गिनी काउंटाश १९७४ मध्ये आली तेव्हा तिची चाकं १४ इंची आणि टायर बेताच्या रुंदीचे होते. वॉल्टर वुल्फ नावाचे एक तेलसम्राट होते; स्वतःचा फॉर्म्युला वन संघ बाळगणारे. त्यांनी आपल्या काउंटाशला पिरेलीचे पी-सेव्हन नावाचे रुंद टायर बसवून घेतले. ते इतके उठून दिसले की १९७८ मध्ये कंपनीने तसंच एलपी ४०० एस हे मॉडेल काढलं. मागचे टायर ३४५ मिलिमीटर रुंद, आणि ते मावावेत म्हणून मडगार्डांना बाहेरून कमानी जोडलेल्या. वळणावर गाडी चिकटून राहू लागली, पण एवढं रुंद अंग वाऱ्याला अडलं आणि कमाल वेग आधीच्या गाडीपेक्षा उतरला. वर मागे एक पंख मिळायचा, ऐच्छिक. त्याने वेग आणखी कमी व्हायचा. बहुतेक गिऱ्हाइकांनी तो पंख घेतला. जगभरच्या पोरांनी भिंतीवर लावली ती हीच हळू झालेली काउंटाश. पोस्टरला स्पीडोमीटर नसतो.

मोठ्या चाकांना खरं कारण मुळीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पहिलं कारण ब्रेक. चाकाच्या आत डिस्क मावावी लागते. मिनी कूपरच्या १० इंची चाकात ७ इंची डिस्कच होती. आजची तीनशे-चारशे अश्वशक्तीची गाडी थांबवायला ताटाएवढी डिस्क आणि पंजाएवढा कॅलिपर लागतो, आणि ते मावायला १९-२० इंची रिम लागतं. दुसरं कारण स्टीअरिंग. आखूड साइडवॉल वळणावर कमी लवते, त्यामुळे हाताने सांगितलेलं चाकाला लगेच ऐकू येतं. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर हा फरक नक्की जाणवतो. आमच्या नायकाने बदललं ते फक्त रिम. ब्रेक जुनेच. आता त्या रुंद, पोकळ आऱ्यांमधून आतली डिस्क पंगतीच्या ताटाच्या कोपऱ्यात वाढलेल्या लिंबाच्या फोडीसारखी दिसते.

रबर वाढलं की पकड वाढते, असंही म्हणतात. ढोबळ हिशेब बघा. गाडीचं वजन १४०० किलो, टायरमध्ये ३२ पीएसआय हवा. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ येतं: चारही टायर मिळून सव्वासहाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. ए-फोर आकाराचा एक कागद भरतो तेवढंच. वजन तेच आणि हवा तीच ठेवली तर चाक १५ इंची असो की २० इंची, कागद साधारण एकच. टायर रुंद केला तर तो कागद आडवा होतो, एवढंच. आडव्या कागदाचे वळणावर फायदे आहेत. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर तरंगतो. पकड ठरते ती मुख्यतः रबराच्या जातीवर आणि त्याच्या वयावर. पण रबराची जात पार्किंगमधून दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणी खर्च करत नाही.

मोठ्या चाकांबरोबर एक दिनक्रमही घरी येतो. रविवारी सकाळी गाडी नुसती धुवायची आणि चाकं मात्र घासायची, जुन्या टूथब्रशने, एकेक आरा वेगळा. फुटपाथला समांतर गाडी लावताना बायकोने खाली उतरून अंतर सांगायचं, कारण एवढ्याशा रबराच्या बाहेर रिमची कड डोकावत असते आणि फुटपाथच्या दगडाला ती फार आवडते. ‘ये, ये, ये’ म्हणता म्हणता ‘कर्रर्र’ झालं की दोन दिवस घरात अबोला. हवा साधी चालत नाही, नायट्रोजन लागतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या २२ टक्क्यांसाठी दर टायरमागे पैसे द्यायचे. स्टेपनी जुन्याच मापाची, पातळ, ताशी ८० च्या वर न्यायची नाही असं पिवळं स्टिकर लावलेली. पंक्चर झालंच तर लाखाची चाकं तीन आणि चौथी ही. शिवाय एकोणीस इंची चाक डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात मावत नाही, म्हणून पंक्चर झालेलं चाक मांडीवर घेऊन बसण्याचा मान शेजारच्या सीटवरच्या माणसाला मिळतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला दिलेलं माप असेल तर त्यातल्या त्यात सोपं. विमा कंपनीला बदल कळवायचा असतो, हे बहुतेकांना दावा फेटाळल्यावर कळतं.

या सगळ्यावर माझं मत विचाराल तर ते दुकानदाराच्या धंद्याला मारक आहे. गाडीवर पैसे घालायचेच असतील तर मूळ मापाचेच पण वरच्या प्रतीचे चार टायर घ्या. वळणावर, ब्रेकवर आणि पावसात गाडी बदललेली जाणवेल, ती तुम्हाला, बघ्यांना नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा आकडा लिहिलेला असतो, तो बघून पंधरवड्यातून एकदा टायर थंड असताना हवा तपासा. आणि एवढं वाचूनही एकोणीस इंचीच हवी असतील तर बेलाशक घ्या. हौसेला मोल नाही, ही म्हण टायरवाल्याइतकी कुणाला पटलेली नाही. फक्त जुनी चारही चाकं विकू नका, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकायला काढाल त्या दिवशी येणारं गिऱ्हाईक बॉनेट उघडायच्या आधी पहिला प्रश्न तोच विचारेल: “ओरिजिनल चाकं आहेत ना?”